चार बोटांचं माप

"मासा म्हणे! ह्याला मासा म्हणायचं, तर डासाला कोंबडी म्हणावं लागेल."

सासू अंगणात पाटावर बसून मासे साफ करत होती आणि मांजराशी बोलत होती. मांजर शेपूट पायाभोवती गुंडाळून, जावयासारखं मानानं वाट पाहत बसलं होतं.

"घे, तूच खा. घशात काटा अडकला तर मला सांगायला येऊ नकोस, पलीकडच्या काठाला जाऊन सांग. तळं चाळणीनं गाळून घेतायत मेले. पिल्लंसुद्धा सोडत नाहीत."

लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. या घरात लेक नव्हती, म्हणून ते काम मांजराकडे आलं होतं. सून चार पावलांवर बसून विणायच्या चपट्या सुईवर दोरा भरत होती. तिनं मान वर केली नाही. पलीकडचा काठ म्हणजे तिचं माहेर. बावीस वर्षांपूर्वी ती होडीत बसून तळं ओलांडून इकडे आली, ती इथलीच झाली; पण सकाळी हवा स्वच्छ असली की भावाच्या घराचा धूर इथून दिसायचा. माहेर रोज दिसणं हे सुख की शिक्षा, ते तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

"ऐकलंस का?" सासू म्हणाली.

"मांजराला म्हणताय ना?"

"मांजराला कान आहेत. तुझं मला माहीत नाही."

सून गालात हसली आणि सुई भरत राहिली. सासू तोंडाची फटकळ होती, पण बाळंतपणात तिनंच सुनेचे पाय चेपले होते. आता या हिशेबात कुठलं पारडं जड, ते कोण बघत बसणार?

घर जाळी विणणाऱ्यांचं. या काठाच्या तीस होड्या, आणि तिसांची जाळी याच पडवीत विणलेली. सासूला सगळा काठ 'मापवाली काकू' म्हणायचा, कारण माप तिच्याकडे होतं. माप म्हणजे वीतभर लांब आणि चार बोटं रुंद अशी एक लाकडी पट्टी. दोरा पट्टीवरून घ्यायचा, गाठ मारायची, पट्टी पुढे सरकवायची, पुन्हा दोरा घ्यायचा. पट्टी जेवढी रुंद, तेवढा जाळ्याचा डोळा मोठा. चार बोटांच्या डोळ्यातून लहान मासा निसटतो आणि मोठा अडकतो. दोन्ही काठांच्या म्हाताऱ्यांनी कधीकाळी एकत्र बसून हे ठरवलं होतं. सासू ते आपल्या शब्दांत सांगायची, "आधी लेकुरवाळी होऊ दे बिचारी, मग घे ताटात." म्हणजे एकदा तरी अंडी घातलेला मासाच धरायचा. नियम एवढाच. त्यावर तळं पिढ्यान्‌पिढ्या पोसत आलं होतं.

यंदा मात्र पाणी ओसरायला लागलं तशी टोपल्या अर्ध्याच भरून येऊ लागल्या. मग पावच. आणि पावात जे यायचं ते मांजराच्या मापाचं.

मग सगळ्यांची तोंडं पलीकडे वळली. पलीकडे सहाच होड्या होत्या, पण सहा होड्यांना शिव्या देणं तीस होड्यांना सोपं जातं. शिवाय त्यांची मापाची पट्टी लोखंडी. "लाकूड हाताला माया लावतं," या काठाची माणसं म्हणायची, "लोखंड धरणाऱ्याचं काळीजही तसंच." सुनेनं हे बावीस वर्षं ऐकलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण रोजचा असला की त्याचीही सवय होते.

हंगामाच्या तोंडावर माप घासायचा दिवस आला. दोरा फिरून फिरून लाकडाच्या कडेला खाचा पडतात, मग त्यात दोरा अडकतो आणि गाठ बिघडते. म्हणून दरवर्षी विणकाम सुरू करण्याआधी काचेच्या तुकड्यानं पट्टी घासून गुळगुळीत करायची. हे काम सासूचं. सुनेला तिनं कधी हात लावू दिला नव्हता. यंदा तिनं पट्टी हातात घेतली, काच घेतली, आणि हात थरथरला. तिनं काच खाली ठेवली.

"आज तूच घास," ती म्हणाली. "डोळ्यांना पाणी येतंय. ऊन आहे."

ऊन नव्हतं. सुनेनं काच उचलली. तिनं पट्टी मांडीवर घेतली. घरातलं मानाचं काम बावीस वर्षांनी हातात येत होतं, आणि ते असं आलं की आनंदही दाखवता येईना.

काच फिरली तशी पांढरी भुकटी मांडीवर पडू लागली, पिठासारखी. खाचा गेल्या, कड गुळगुळीत झाली. सुनेनं साडी झटकली आणि भुकटी जमिनीवर उडाली. चिमूटभरच होती. तिच्या मनात आलं, ही चिमूट दरवर्षीची. सासू लग्न होऊन आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली.

तिनं चार बोटं जुळवून पट्टीवर ठेवली. करंगळी पट्टीच्या बाहेर राहिली.

आधी तिला हसू आलं. बोटं जाड झाली असतील, ती म्हणाली मनाशी. चाळिशीनंतर बाईचं काय जाड होत नाही? पण मन ऐकेना. दुपारी सासू आडवी झाली तेव्हा तिनं पेटीतल्या साड्यांखालून लग्नात आईनं दिलेली लोखंडी पट्टी काढली. आली त्या दिवशी सासूनं ती पाहिली होती आणि म्हणाली होती, "या घरात या घराचंच माप." तेव्हापासून ती पट्टी साड्यांखाली झोपली होती. एका कडेला थोडा गंज चढला होता. सुनेनं दोन्ही पट्ट्या एकीवर एक ठेवल्या.

एका करंगळीचा फरक. अगदी करंगळीचा.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. बाहेर कोणीतरी पाण्याची घागर आपटून ठेवली आणि तिचा जीव दचकला, जणू चोरी करताना पकडली गेली होती. चोरी कुणाची, हा वेगळा प्रश्न.

संध्याकाळच्या आधी ती काठावर गेली. नवरा होडीतलं पाणी बादलीनं उपसत होता. काठावर त्याला 'घुम्या' म्हणत, कारण तो तीन शब्दांच्या वर एका वेळी क्वचित बोलायचा. ती गुडघाभर पाण्यात जाऊन होडीची कड धरून उभी राहिली.

"अहो, आपलं माप झिजलंय."

"हं."

"हं काय? एक करंगळी कमी झालंय. आई दरवर्षी घासतात ना, त्यानं."

त्यानं एक बादली बाहेर फेकली. मग म्हणाला, "माहीत आहे."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माहीत आहे? कधीपासून?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! आणि गप्प बसलात?"

"काय बोलणार? आईला सांगू, तुझं माप खोटं? सगळा काठ त्या पट्टीवर हात ठेवून शपथ घेतो." एवढं बोलून त्याला धाप लागल्यासारखी झाली. त्यानं आणखी एक बादली उपसली. "आणि सांगून काय करायचं? तीस होड्यांची जाळी काढून फेकायची? परत विणायची? दोन वर्षं जाळी वर टांगून ठेवली तर तळं भरेल. तोवर काय दगड खायचे?"

"म्हणजे हेही तुम्ही मोजून ठेवलंय. दोन वर्षं."

"मोजलं नाही. असंच वाटतं."

"आणि माझ्या दादाला चोर म्हणतात ते? तेही असंच चालू द्यायचं?"

घुम्यानं बादली ठेवली. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "तू रोज मासे साफ करतेस. शेवटची गाभोळी कधी पाहिलीस?"

सून उत्तर द्यायला गेली आणि थांबली. पूर्वी माशाचं पोट चिरलं की बोटांना अंड्यांची पिशवी लागायची, गरम वाटावी अशी मऊ. ती वेगळी काढून ठेवायची, सासूला फार आवडायची. वाटीत ठेवलं की तिचा आवाज अर्धा तास तरी मऊ व्हायचा. दोन वर्षं त्या वाटीत काही पडलं नव्हतं. एकाही माशाच्या पोटात काही नव्हतं. सगळे कुमार वयातले. हे आपल्या बोटांना माहीत होतं, डोक्यानं फक्त विचारलं नव्हतं.

आणि मासे साफ करणारी घरात दुसरी कोण? त्या दिवशी मांजराशी बोलत पाटावर कोण बसलं होतं?

"आईंनाही माहीत आहे," ती म्हणाली.

घुम्यानं बादली उचलली. म्हणजे हो.

दुसऱ्या दिवशीपासून विणकाम सुरू झालं. सून पडवीत खांबाला दोरा बांधून बसली. सासू जेवायला उठली तशी तिनं लाकडी पट्टी बाजूला ठेवली आणि लोखंडी घेतली. का घेतली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. धाडस म्हणावं तर छाती धडधडत होती. खोडी म्हणावं तर मजा येत नव्हती. तिनं हातभर जाळं चार बोटांच्या डोळ्याचं विणलं. लोखंड बोटांना थंड लागलं, पण गाठ सरळ बसत होती.

त्याच दुपारी होड्यांच्या म्होरक्याची बायको आली. म्होरक्या म्हणजे बैठकीत शेवटचा शब्द ज्याचा तो. तिनं दारातूनच विचारलं, "आमचं जाळं काकू विणतायत ना?"

"मी विणतेय," सून म्हणाली.

"नाही, म्हणजे," ती चपलेनं उंबऱ्याजवळची माती सारखी करत म्हणाली, "काकूंच्या हातचं असतं तर बरं. रागवू नकोस. पलीकडचा हात वेगळा असतो, असं आमचे हे म्हणतात."

"बावीस वर्षं तुमच्या घरी माझ्याच हातची जाळी आहेत, वहिनी."

"ते आता कळलं ना," ती म्हणाली आणि गेली.

सासूनं आतून हे ऐकलं होतं. ती बाहेर आली, सुनेशेजारी बसली आणि विणलेल्या जाळ्यावर हात फिरवला. तिला आता बारीक नीट दिसत नसे, पण बोटांचे डोळे शाबूत होते. बोटं एका डोळ्यात गेली, थांबली. दुसऱ्यात गेली.

"दोरा कमी लागला की गं," सासू म्हणाली.

"हो. कमी लागला."

"पूर्वी असाच कमी लागायचा."

एवढंच. सासू उठून आत गेली. थोड्या वेळानं तिनं चहा आणून सुनेपुढे ठेवला. बावीस वर्षांत सासूनं सुनेला चहा आणून दिला, असं बाळंतपण सोडून कधी झालं नव्हतं. सून कप हातात धरून बसली. हा चहा कबुली होता की विनवणी, तिला कळेना. बोलू नकोस असंही त्यात असू शकत होतं. चहा गार झाला.

तिसऱ्या दिवशी काठावर एकच गलका. चार तरुण होडीवाल्यांनी तळ्याच्या मध्यावरून पलीकडच्यांचं एक जाळं ओढून आणलं होतं. जाळं तिच्या भावाचं होतं. दोऱ्याला तो निळी गाठ मारतो, ती तिनं लांबूनच ओळखली. म्होरक्यानं पलीकडे निरोप धाडला: उद्या सकाळी या, सगळ्यांसमोर तुमचं जाळं मापू. डोळा बारीक निघाला तर तुमच्या सहाही होड्या तळ्यातून बंद.

"आणि बारीक नाही निघाला तर?" घुम्यानं विचारलं.

म्होरक्या हसला. "तू कधीपासून बोलायला लागलास रे?"

सगळे हसले. घुम्या आपल्या होडीकडे वळला.

त्या दिवशी घरात जेवताना ताटांचाच आवाज होता. सून मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. बोलावं तर सासूची पंचेचाळीस वर्षं चारचौघांत उघडी पडणार. न बोलावं तर दादाची सहा माणसं आणि त्यांच्यामागची सहा घरं हातावर हात धरून बसणार. आणि बोलून तरी कोण ऐकणार होतं? पलीकडचा हात.

सकाळी होड्या ठेवायच्या छपराखाली सगळा काठ जमला. लाकडाला लावलेल्या डांबराचा वास उन्हानं वर येत होता. भाऊ एकटाच आला होता, होडी वल्हवत. त्याच्या शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. बहिणीकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि मान हलवली, ठीक आहे ना, अशी. ती मान तिला बघवली नाही.

म्होरक्यानं हात जोडले. "काकू, माप."

सासूनं पदरातून लाकडी पट्टी काढून दिली. म्होरक्यानं निळ्या गाठीच्या जाळ्याचा एक डोळा ताणून पट्टी त्यात आडवी धरली. पट्टी घट्ट बसायला हवी होती किंवा बसायलाच नको होती. ती डोळ्यातून सरळ खाली घसरली आणि वाळूवर पडली.

एक माणूस खोकला.

म्होरक्यानं पट्टी उचलली, पुसली, दुसऱ्या डोळ्यात धरली. पुन्हा पडली. तिसऱ्यातही तेच. डोळा पट्टीपेक्षा चांगला करंगळीभर मोठा होता. हे समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. कोणी तळ्याकडे, कोणी आपल्या अंगठ्याच्या नखाकडे. तीस होडीवाले. सगळ्यांची जाळी त्याच पट्टीवर विणलेली. त्यांतला एकही अडाणी नव्हता.

"म्हणजे," म्होरक्या हळू म्हणाला, "हे जाळं तर मोठ्या डोळ्याचं निघालं."

"मी कधी बारीक विणलं होतं?" भाऊ म्हणाला.

"मग मासे गेले कुठे?"

छपराच्या पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. मग मागून एक आवाज आला, "हे दाखवायचं जाळं असेल. खरं घरी लपवलंय." आणि छपराखालून असा सुस्कारा निघाला की जणू सगळ्यांच्या पाठीवरचं ओझं एकदम उतरलं. "हो, हो. दुसरं असणार." "चोर काय खरं जाळं पाण्यात सोडेल?" "बंद करा होड्या, उगीच वेळ कशाला!"

भावानं ओल्या बाह्या वर सारल्या. तो बहिणीकडे बघत होता. मागत काही नव्हता, नुसता बघत होता.

सून उठली. पदराच्या टोकात लोखंडी पट्टी बांधलेली होती आणि गाठ सुटेना. तिनं तोंड उघडलं, एवढ्यात कोणीतरी तिची साडी खाली ओढली. सासूचा हात होता, आणि आज तो थरथरत नव्हता.

"बस खाली."

"आई, मी..."

"बस म्हणते. तू बोललीस तर माहेरासाठी बोललीस म्हणतील. मला माहेर उरलेलं नाही."

सासू जमिनीला हात टेकून उठली. उठायला वेळ लागला. घुम्या पुढे झाला, तिनं त्याला मानेनंच थांबवलं.

"म्होरक्या, तुझं स्वतःचं जाळं आण."

"काकू, त्याचं काय काम?"

"आण."

त्यानं खांबावरचं आपलं जाळं काढून आणलं. सासूनं त्याच्याकडून पट्टी घेतली आणि त्या जाळ्याच्या डोळ्यात बसवली. पट्टी घट्ट बसली, हलेना.

"बघा काकू," म्होरक्याच्या आवाजात जीव आला. "आमचं बरोबर आहे."

"माझंच माप, माझंच जाळं. बरोबर बसणारच. आता पट्टी काढ आणि चार बोटं घाल."

"राहू दे ना काकू. तुमचं वय झालंय, ऊन लागतंय..."

"घाल म्हणते!"

म्होरक्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. त्यानं बोटं जुळवून डोळ्यात घातली. तीन गेली. करंगळी बाहेर राहिली, आणि त्यानं ती हळूच तळहातात दुमडून घेतली, एखाद्या पोरानं खाऊ लपवावा तशी.

"तीस होड्यांची जाळी आहेत, काकू," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. त्या आवाजात दटावणी नव्हती, विनंती होती. "विचार करून बोला. एकदा बोललात की जाळी टांगावी लागतील, दोन वर्षं कोणाच्या घरी चूल..."

"विचार झालाय माझा. रोज करते, मासे चिरताना." तिनं पट्टी दोन्ही हातांत धरली. "दरवर्षी घासलं मी हे. गुळगुळीत व्हावं म्हणून. गाठ चांगली यावी म्हणून. चिमूटभरच निघतं, वाटायचं. पहिल्यांदा गाभोळी दिसली नाही तेव्हा म्हटलं, यंदा उशीर झाला असेल. मग म्हटलं, पलीकडचे नेत असतील. असं म्हटलं की जेवण घशाखाली उतरायचं."

ती थांबली. मग भावाकडे वळली नाही, म्होरक्याकडेही नाही. छपराखालच्या सगळ्यांकडे, आपल्या माणसांकडे बघून म्हणाली,

"मासे त्यांनी नाही नेले रे. आपण खाल्ले, त्यांना पिल्लं व्हायच्या आधीच. आणि तुम्हाला कधी कळलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला दोन वर्षांपासून माहीत होतं."